सहाशे पोत्यांची हमाली

३० टन सिमेंट म्हणजे ५० किलोची ६०० पोती. ही पोती गाडीतून उतरवायची तर हमालांची टोळी लागते. टोळीला मुकादम असतो, पोत्यामागे दर ठरलेला असतो, आणि दर मिळाला नाही तर माल गाडीतच राहतो. आज मोठ्या बांधकामांवर तेच ३० टन सिमेंट बंद टाकीच्या बल्करमधून येते, हवेच्या दाबाने नळीतून वर चढते आणि तास-दीड तासात सायलोत जाऊन पडते. पोते नाही, टोळी नाही, मुकादमही नाही. उद्योगपती याला प्रगती म्हणतात, आणि एका अर्थी ती आहेही. परंतु माणसाविना माल उतरतो असे जे भासविले जाते, ते धादांत असत्य आहे. माल उतरविणारा माणूस आजही तेथे उभा आहे. तो बल्करचा चालक आहे. संबंध टोळीचे काम त्या एकट्याच्या अंगावर येऊन पडले. टोळीची मजुरी मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. ती वाटेत कोणाच्या खिशात गेली, हा प्रश्न कामगार चळवळीने फार पूर्वीच विचारावयास हवा होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न मूठभर माणसांचा नाही. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस येथील कारखान्यांतून सिमेंट निघते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रांतून कोळशाची उडती राख निघते. दोन्हींची वाट शेवटी काँक्रीटकडेच जाते. मुंबईची मेट्रो, पुण्याचे मनोरे, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग या साऱ्यांच्या पोटात बल्करने ओतलेली भुकटी आहे. उद्घाटनाच्या दगडावर मंत्र्यांची नावे कोरली जातात. चालकाचे नाव कोरावे अशी कोणाची मागणी नाही. त्याला त्याचे काम शिकवावे आणि त्या कामाचे दाम द्यावे, एवढीच मागणी आहे. आणि तीसुद्धा आजवर कोणी नीटपणे मांडलेली नाही.

कॉक फिरविण्याचे काम

मालकांचा पहिला युक्तिवाद ठरलेला आहे. माल हवा उतरविते, चालक केवळ कॉक फिरवितो. त्याचे वेगळे शिक्षण कशाला आणि वेगळी मजुरी कशाची? या न्यायाने गिरणीतला विणकर केवळ तुटलेला धागा जोडतो आणि रेल्वेचा इंजिनचालक केवळ दांडा ओढतो असेच म्हणावे लागेल. म्हणून हे कॉक फिरविणे म्हणजे नेमके काय, ते एकदा तपशिलाने पाहिले पाहिजे.

बल्करची टाकी हे दाबपात्र आहे. कॉम्प्रेसरने तीत हवा भरली जाते आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोपर्यंत नेला जातो. तळाशी असलेल्या कापडी पट्ट्यांतून हवा वर येते, दडपून बसलेले सिमेंट फुगते आणि पाण्यासारखे वाहू लागते. मग निकासाचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावयाचा. तो एकदम उघडला तर नळीत माल अधिक आणि हवा कमी होते, आणि नळी तुंबते. फारच कमी उघडला तर नुसती हवाच जाते आणि काम रेंगाळते. नळी तुंबली तर मालाचा व्हॉल्व्ह बंद करून केवळ हवेने ती मोकळी करावी लागते. त्या वेळी जो अधीर होऊन जोड सैल करील, त्याच्या हातातून ती जाड नळी सुटते आणि समोर येईल त्याला झोडपीत सुटते.

त्याआधी पाहावयाच्या गोष्टी निराळ्याच. सायलो सिमेंटचा की राखेचा, त्यात जागा किती उरली आहे, त्याच्या माथ्यावरील गाळणी साफ आहे की चोंदली आहे, जोडांच्या कड्या नीट बसल्या आहेत काय? गाळणी चोंदलेली असेल तर आत गेलेल्या हवेला बाहेर पडावयास वाट राहत नाही आणि सायलोच्या माथ्यावर ताण येतो. सर्वांत फसवा क्षण शेवटी येतो. टाकी रिती होत आली की हवेला अडविणारा माल उरत नाही आणि साठलेली सारी हवा एका झोताने सायलोकडे धावते. नेमक्या त्या घटकेला हवा कमी करावयाची असते. ती घटका चालक ओळखतो ती गेजच्या काट्यावरून, नळीवर ठेवलेल्या हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून आणि टाकीच्या बदललेल्या आवाजावरून. हे ज्ञान गेट पासवर लिहून मिळत नाही.

आता एक साधे गणित पाहू. टाकीच्या झाकणाचा व्यास ५० सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस सेंटिमीटर होते. २ किलोच्या दाबाला त्या झाकणाखाली जवळजवळ ४ टनांचा रेटा असतो. हवा सोडून दिली, काटा खाली आला, आणि केवळ दशांश किलो दाब आत उरला. म्हणजे काटा शून्यावरच आहे असे थकलेल्या डोळ्यांना वाटावे. त्याही वेळी झाकणाखाली जवळपास २०० किलोंचा रेटा शिल्लक असतो. चार पोती सिमेंट एकदम तोंडावर फेकावे तसे ते झाकण वर येते. ज्याला हे गणित कोणी सांगितलेले नाही, तो झाकणावर वाकूनच ते उघडतो. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. त्याला हे न सांगणाऱ्याला काय म्हणावयाचे, हा खरा सवाल आहे.

दाबाखेरीज भुकटी आहेच. ओल्या कातडीवर पडलेले सिमेंट तीव्र अल्कलीसारखे वागते. डोळ्यात गेले तर इजा गंभीर होते. राखेत सिलिका असते, आणि फुफ्फुसात जाऊन बसणारा हा धूर्त शत्रू वर्षांनंतर तोंड दाखवितो. त्यावेळी चालक कोणत्या मालकाच्या गाडीवर होता, याचा कागदसुद्धा सापडत नाही.

शाळा कोणती, गुरू कोण?

एवढे सारे काम चालक शिकतो कोठे? परिवहन कार्यालयाच्या परीक्षेत वाहन चालविण्याची कसोटी घेतली जाते; माल उतरविण्याचा प्रश्न तेथे निघत नाही. पेट्रोल किंवा ॲसिड यांसारखा धोकादायक माल वाहणाऱ्या चालकासाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९ व्या नियमाने ३ दिवसांचा अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. ३ दिवस थोडेच आहेत. पण ते आहेत. सिमेंट पेट घेत नाही, म्हणून त्या यादीत ते बसत नाही. माल धोकादायक नाही, हे कायद्याने पाहिले. तो माल ज्या दाबाने उतरविला जातो तो दाब धोकादायक आहे, हे मात्र पाहावयाचे राहून गेले.

मग उरते ती उस्तादाची शाळा. गावाकडचा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा किन्नर म्हणून गाडीवर चढतो. टायर तपासणे, काच पुसणे, चहा आणणे, रात्री गाडी राखणे ही त्याची पहिली इयत्ता. मग नळी ओढणे, मग जोड लावणे, मग उस्ताद झोपलेला असताना कॉकला हात लावणे. शिव्या हे पाठ्यपुस्तक आणि अपघात ही परीक्षा. या उस्तादांविषयी अनादराने बोलण्याचे कारण नाही. त्यांनीही असेच शिकून घेतले आणि जे हाती लागले ते पुढच्याला दिले. एका अर्थाने कष्टकऱ्यांनी कष्टकऱ्यांसाठी विनावेतन चालविलेले हे विद्यालयच आहे. परंतु त्यात उस्तादाचे बरोबरच नव्हे तर चुकीचेही पुढे जाते. वेळ वाचविण्यासाठी दाब पूर्ण न सोडता नळी काढण्याची खोड ज्याला होती, त्याचा शिष्य ती खोड हुशारी समजून उचलतो. शिवाय खर्च कमी करण्यासाठी अनेक गाड्यांवरून आता किन्नरच काढून टाकण्यात येत आहे. म्हणजे मालकाने शाळा तर कधी काढली नाहीच; जी आयती चालू होती तीही तो बंद करीत आहे.

कारखानदार म्हणतो, चालक वाहतूकदाराचा. वाहतूकदार म्हणतो, माल उतरतो तो काँक्रीट प्लांटच्या आवारात. प्लांटवाला म्हणतो, टाकी आमची नव्हे. तिघांचा नफा एका साखळीत व्यवस्थित ओवलेला आहे. जबाबदारीची साखळी मात्र प्रत्येक कडीला तुटते. उतरविलेल्या मालात घट आली की याच तिघांना चालक आपला आहे हे अचूक आठवते, कारण घटीची रक्कम अनेक ठिकाणी त्याच्याच पैशातून कापली जाते. टाकीच्या कोपऱ्यात माल राहिला तर तो अडाणी. सारा माल उतरला तर ते यंत्राचे कौतुक!

पोती परत हवीत काय?

दुसरा युक्तिवाद अधिक कावेबाज आहे. पाठीवर ५० किलोचे ओझे वाहणे अमानुष होते. ते संपले, तर समाजवाद्यांनी रडावे कशाला? उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. पोती परत नकोत. माणसाच्या मणक्यावरून ओझे उतरविणाऱ्या प्रत्येक यंत्राचे स्वागतच आहे. समाजवादी चळवळीचे भांडण यंत्राशी कधीच नव्हते. यंत्रातून निघणारा लाभ कोणाच्या पदरात पडतो याविषयी होते आणि आहे.

हमालीची मजुरी कोणी दयेने दिलेली नव्हती. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या माथाडींना संघटित केले, डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली, आणि या लढ्यांच्या रेट्याने १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. मालक अनेक असले आणि रोज बदलत असले तरी कामगाराची नोंद, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांची जबाबदारी एका मंडळावर टाकता येते, हे त्या कायद्याने देशाला दाखवून दिले. सार्वजनिक वाहतुकीच्या वाहनांत माल चढविणे-उतरविणे हे काम त्याच्या अनुसूचीत आहे. बल्कर आला तेव्हा मालकांनी सोयीस्कर अर्थ लावला की पोते गेले म्हणजे उतरविण्याचे कामही गेले. वस्तुतः काम गेले नाही. त्याचे रूप पालटले. पाठीऐवजी हात, कान आणि डोके लागू लागले. अधिक कौशल्याचे काम झाले म्हणून मजुरी वाढावयास हवी होती. ती शून्यावर आली.

मुंबईच्या गोदी कामगारांनी हा अनुभव घेतलेला आहे. कंटेनर आले, १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, आणि जहाजातला माल उतरविणाऱ्या टोळ्यांची गरज ओसरत गेली. तेथे निदान संघटना होती, मंडळ होते, वाटाघाटीची परंपरा होती. बल्करच्या चालकापाशी यांपैकी काहीच नाही. त्याचा मालक नागपूरचा, माल चंद्रपूरचा, गिऱ्हाईक पनवेलचे आणि घर कोठेतरी बिहारात किंवा बीड जिल्ह्यात.

कायद्याची पंधरा मिनिटे

कायदा या माणसाकडे कसा पाहतो? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. वाहन चालू नसताना माल चढविण्या-उतरविण्यात जाणारा वेळ हाही कामाचाच वेळ, असे त्यात स्पष्ट होते. म्हणजे बल्कर रिता करणे हे फुकटचे काम नव्हे, हे संसदेने सहा दशकांपूर्वीच मान्य केले होते. परंतु त्याच व्याख्येत एक खोच होती. ठिकाणावर नुसते हजर राहण्याचा वेळ कामात धरावयाचा तो १५ मिनिटांहून कमी असेल तरच! कारखान्याच्या फाटकाबाहेर १० मिनिटे थांबला तर चालक कामावर. १० तास थांबला तर तो जणू सुट्टीवर. बल्करच्या रांगेत ज्याने रात्र काढली आहे त्याला या व्याख्येची क्रूर थट्टा समजावून सांगण्याची गरज नाही. रांग सोडता येत नाही, झोप लागून चालत नाही, आणि पुकारा झाला की त्याच तारवटलेल्या डोळ्यांनी गेजचा काटा वाचावयाचा.

तो अधिनियम ५ किंवा अधिक कामगारांच्या परिवहन उपक्रमांना लागू होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो विलीन करण्यात आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रमसंहिता अंमलात आल्या. नव्या संहितेत परिवहन उपक्रमासाठी ही संख्या १० आहे. चार-पाच गाड्या स्वतःच्या, तीन पत्नीच्या आणि तीन भावाच्या नावावर ठेवणाऱ्या वाहतूकदारांच्या या धंद्यात त्याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. सुरक्षेच्या नावाने आलेल्या संहितेने हजारो चालकांसाठी सुरक्षेचे दारच अरुंद केले आहे.

याउलट बोजा वाढविताना सरकारने हात आखडता घेतला नाही. जुलै २०१८ मध्ये मालवाहू वाहनांच्या आसभाराची मर्यादा वाढविण्यात आली आणि एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली. एका फेरीत अधिक माल, म्हणजे मालकाला अधिक भाडे. चालकाला मिळाले ते अधिक वेळ कॉकपाशी उभे राहणे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण बल्करचा चालक भाजून निघतो तो केबिनबाहेर, मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या टाकीच्या शिडीवर. तेथवर सरकारची थंड हवा पोहोचत नाही.

शिक्षा करण्याची वेळ आली की मात्र हेच सरकार तत्पर होते. डिसेंबर २०२३ मध्ये संमत झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) ने अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. जमावाच्या मारापासून त्याला संरक्षण कोण देणार, याचा उल्लेखही नव्हता. ज्याला ३ दिवसांचे शिक्षण देण्यास राज्यसंस्थेला सवड नाही, त्याला १० वर्षे तुरुंगात ठेवण्याची तयारी तिने केली होती.

आपल्या चळवळीचा दोष

येथे सरकार आणि मालक यांच्यावरच बोट ठेवून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कामगार संघटनांचे काम वर्षानुवर्षे कारखान्याच्या फाटकाच्या आत राहिले. फाटकाबाहेर दोन-दोन दिवस रांगेत उभ्या असलेल्या चालकांच्या अंगावरून कार्यकर्ते सभेसाठी आत गेले आणि बाहेर आले. माथाडी संघटनांना बल्करचा चालक आपले काम हिरावणारा वाटला. काहींनी तो स्वतःच छोटा मालक आहे असे म्हणून विषय मिटविला. कर्जाचा हप्ता फेडण्यासाठी दिवसरात्र राबणारा आणि ज्याचे भाडे कारखान्याच्या कचेरीत ठरते, तो मालक केवळ नोंदणीच्या कागदावर असतो, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. परळीच्या राखेवर कोणाचा ताबा, यावरून २०२४ च्या अखेरीपासून महाराष्ट्रभर रण माजले. राखेच्या पैशाची चर्चा घराघरांत झाली. ती राख कोण भरतो, कोण उतरवितो आणि कोणाच्या छातीत ती साठते, हे विचारणारा आवाज त्या गदारोळात उठला नाही. तो आपण उठवावयास हवा होता.

आता मागण्या नेमक्या शब्दांत मांडल्या पाहिजेत. बल्करवर काम करणाऱ्या प्रत्येक चालकाला, पगारी वेळेत आणि मालकांच्या खर्चाने, माल उतरविण्याचे प्रत्यक्ष शिक्षण व प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. पुण्याच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टमध्ये आणि चंद्रपूर, नागपूर, पनवेल येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ते देता येईल. शिकविण्यासाठी अनुभवी उस्तादांनाच मानधन देऊन नेमावे आणि आधी शिकलेल्यांचे कौशल्य परीक्षा घेऊन प्रमाणित करावे, म्हणजे कागद नाही म्हणून जुना माणूस रस्त्यावर येणार नाही. माल उतरविण्याची मजुरी टनामागे, भत्त्याहून वेगळी, ठरवावी. रांगेतला प्रत्येक तास कामाचा तास धरावा. दाबाचे पात्र, झडपा आणि नळ्या यांची ठराविक मुदतीत तपासणी करावी आणि तिचा दाखला गाडीवर लावावा. घटीची कपात बंद करावी. आणि या साऱ्यासाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ स्थापावे, ज्यात कारखानदार, वाहतूकदार आणि प्लांटवाला या तिघांनाही टनामागे वर्गणी द्यावी लागेल. जो माल विकतो, जो वाहतो आणि जो घेतो, त्यांपैकी एकालाही हात झटकता येऊ नये.

खर्च वाढेल ही ओरड होईल. १९६९ मध्येही ती झाली होती. महाराष्ट्राचा व्यापार बुडाला नाही. आणि शिक्षणाचा खर्च आजही होतोच आहे. फरक इतकाच की तो मालकाच्या वहीत लिहिला जात नाही. चालकाच्या डोळ्यांत, हाडांत आणि फुफ्फुसांत तो जमा होतो.

१ आणि २ जानेवारी २०२४ या दोन दिवसांत चालकांनी चाके थांबविली. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून इंधनाचे टँकर निघाले नाहीत आणि शहराशहरांतील पंपांवर रांगा लागल्या. ज्यांची कोणी गणती करीत नव्हते त्यांच्याविषयी केंद्रीय गृह सचिवांना रात्री आश्वासन द्यावे लागले, आणि १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली तेव्हा ते एक उपकलम बाजूला ठेवावे लागले. ती शक्ती चालकांपाशी आहे. उणीव आहे ती त्यांच्याबरोबर बसून मागण्यांचा कागद लिहिणाऱ्या माणसांची. कार्यकर्त्यांनी पुढल्या वेळी सिमेंट कारखान्याच्या फाटकावर जावे तेव्हा सरळ आत शिरू नये. आधी रांगेच्या शेपटापर्यंत चालत जावे.